ऐंशी अंशांच्या पुढे

संगणक दुरुस्तीचं दुकान बंद करून मला नऊ वर्षं झाली होती. त्यामुळे दोन हजार सत्तेचाळीस सालच्या मे महिन्यात शर्वरी पिंपळशेंडेचा फोन आला आणि ती म्हणाली, "मावशी, बाबांच्या यंत्राचा पंखा घरघर करतोय, येऊन बघाल का," तेव्हा मी दोनदा विचारलं की पंखा म्हणजे नक्की कोणता. प्रोसेसरवरचा पंखा दुरुस्त करायला मला कोणी बोलावेल, ही आशा मी केव्हाच सोडली होती.

चंद्रपुरात एकेकाळी मे महिना म्हणजे माझा हंगाम होता. बाहेर सेहेचाळीस अंश, हवेत कोळशाची बारीक काळी धूळ, आणि प्रत्येक दुसऱ्या गिऱ्हाइकाची एकच तक्रार, की चालता चालता बंद पडतो. खोका उघडायच्या आधी मी नुसता कान लावायचे. घरघर असेल तर पंख्याचं बेअरिंग सुकलेलं असायचं. आवाज मोठा पण वारा नाही, तर खाली धूळ बसलेली. त्या काळी बँकेत जा, शाळेत जा, तहसीलीत जा, सगळीकडे पंख्यांची एक बारीक गुणगुण भरून असायची. ती होती हे ती गेल्यावर लक्षात आलं.

ती गेली कारण प्रोसेसरच गार झाले. जुना प्रोसेसर गणित करताना अधलेमधले आकडे पुसून टाकायचा, आणि प्रत्येक पुसण्यागणिक थोडी उष्णता बाहेर पडायची. नव्या चिपा काही पुसतच नाहीत. काम झालं की त्याच गणितातून उलट पावली मागे येतात आणि जागा मोकळी करतात. हात लावला तर माठाच्या पोटासारख्या लागतात. मग पंखा कशाला, आणि पंखेवाली बाई तरी कशाला?

पण शालिकभाऊंचं यंत्र वेगळ्या जातीचं होतं, आणि ते मीच बसवलं होतं.

शालिकभाऊ म्हणजे गोल बाजाराच्या मागच्या गल्लीतले पिंपळशेंडे टेलर्स. हाताला सोनं, पण तोंड फार तिखट. गिऱ्हाईक कापड घेऊन आलं की आधी कापडाला नावं ठेवणार, मग गिऱ्हाइकाच्या पोटाला. गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. वयाच्या सदतिसाव्या वर्षी जिभेचा कॅन्सर निघाला, नागपूरला ऑपरेशन झालं, आणि जीभ अर्ध्याहून जास्त काढावी लागली. जीव वाचला. आवाजही होता, पण सगळे शब्द एकमेकांत कालवल्यासारखे बाहेर पडायचे. पुढची दोन वर्षं त्यांनी दुकानात तोंड उघडलं नाही. शर्वरी तेव्हा इतकी लहान होती की बापाचा आधीचा आवाज तिला आठवतही नाही.

मग 'वैखरी' नावाचं यंत्र बाजारात आलं. जेवणाच्या मोठ्या डब्याएवढा खोका आणि कॉलरला लावायचा माईक. माणसाचं अस्पष्ट बोलणं ऐकायचं आणि तेच स्पष्ट मराठीत बोलून दाखवायचं, तेही त्याच्या जुन्या आवाजात. शालिकभाऊंचा जुना आवाज त्यांच्या चुलतभावाच्या फोनमध्ये निरोपांच्या रूपानं पडून होता, तो कामी आला.

या यंत्राच्या चिपेची गोष्ट समजून घ्यायला हवी. साध्या संगणकात शिकलेली गोष्ट आकड्यांत असते. आकडे उतरवून घेतले की दुसऱ्या संगणकातही चालतात. वैखरीच्या चिपेत आकडे नव्हते. तिच्यात कोट्यवधी बारीक कण होते, आणि ज्या कणांतून वीज पुन्हा पुन्हा गेली ते कण सैल व्हायचे. गवतातून माणसं चालून चालून पायवाट पडते, तसं. ती पायवाट त्याच गवतात असते, उचलून दुसऱ्या शेतात नेता येत नाही. म्हणून एक चिप म्हणजे एकच चिप, तिची नक्कल होत नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की उष्णता वाढली की कण थरथरतात. मग रुंद वाटा टिकतात, पण ज्या बारीक वाटा असतात त्या बुजायला लागतात. गार झालं की पुष्कळशा परत दिसतात. सगळ्या नाही. म्हणून तिच्यावर पंखा होता, आणि म्हणून तो पंखा चालणं फार महत्त्वाचं होतं.

तिला शिकवलं कुंदानं, शालिकभाऊंच्या बायकोनं. पहिले तीन आठवडे शालिकभाऊंनी तक्त्यावरचे चारशे शब्द वाचून दाखवले. त्यानंतर वाक्यं. वाक्यांसाठी जवळचं माणूस लागायचं. शालिकभाऊ काहीतरी बोलणार, आणि ज्याला ते समजतं त्यानं यंत्राला त्याचा अर्थ सांगायचा. त्यांचं बोलणं जगात एकट्या कुंदाला समजत होतं. ती काजं करत बसलेली असायची. ते काही बोलले की सुई थांबवायची, क्षणभर थांबायची, आणि माईकमध्ये शांतपणे सांगायची. रोज, वर्षभर. मी यंत्र तपासायला जायचे तेव्हा चहा पीत ते बघत बसायचे. तिचा तो क्षणभराचा थांबा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. मला वाटायचं, ती त्यांचं बोलणं जुळवून घेतेय.

वर्षभरात दुकान पुन्हा चालू लागलं. नुसतं चालू लागलं नाही, वाढलं. आजारानं शालिक किती मऊ झाला, असं बाजार म्हणायचा. माणसं कापड घेऊन यायची आणि दोन घटका बसून बोलून जायची. यंत्र बनवणारी कंपनी पुढं बुडाली, माझं दुकान बंद झालं, तीन वर्षांपूर्वी कुंदा गेली. यंत्र मात्र चालू होतं.

मी पोचले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. शर्वरी पुण्याहून पंधरा दिवसांची रजा काढून आली होती. चोवीस वर्षांची, आईसारखीच रुंद कपाळाची. तिनं सोबत नवं यंत्र आणलं होतं, गार चिपेचं, तळहातावर मावणारं. बेत साधा होता. जुनं यंत्र आणि नवं यंत्र शेजारी ठेवायचं. बाबा बोलतील, जुनं अर्थ सांगेल, नवं दोन्ही ऐकेल. कुंदानं जुन्याला शिकवलं, तसं जुनं नव्याला शिकवेल. साठेक तासांचं बोलणं झालं की पुरे. पण जुनं यंत्र वीस मिनिटांत तापून बंद पडत होतं, आणि बंद पडायच्या आधी भलतंच बोलत होतं.

"बाबा कोणाला अरेतुरे करत नाहीत, मावशी," ती म्हणाली. "परवा ठेंगणेबाई कापड घेऊन आल्या, तर यंत्र म्हणतं, 'एवढ्या कापडात तुझं काय होते?' त्या उठून गेल्या."

शालिकभाऊ मशीनवर वाकून पायजम्याची शिवण मारत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी खोका टेबलावर घेतला आणि किती वर्षांनी स्क्रू फिरवला. वरून पंखा स्वच्छ दिसत होता, कोणीतरी पुसत असणार. बोटानं फिरवला तर दोनच वेढे घेऊन थांबला. चांगला पंखा आठ-दहा घेतो. पंखा काढला आणि खाली बघितलं. चिपेची उष्णता ओढून घेणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, त्यांच्या फटींत वीस वर्षांचा कापडी कचरा आणि कोळशाची धूळ बसून चक्क दाबलेल्या लोकरीसारखा नमदा तयार झाला होता. चिमट्यानं उचलला तर अख्खा तुकडा निघाला, काळा, त्यात लाल आणि पोपटी धागे. कोणाकोणाच्या लग्नातले ब्लाउज असतील ते.

ब्रशनं पट्ट्या साफ केल्या. पंख्याचा मागचा कागद सोलून बेअरिंगमध्ये शालिकभाऊंच्याच शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडला. पुन्हा जोडलं, चालू केलं. आधी ब्याण्णव अंशांवर जाऊन बंद पडत होतं, आता अठ्ठ्याऐंशीवर रेंगाळायला लागलं. पण ते साठाच्या आसपास हवं.

मग पट्ट्यांचा ठोकळाच उचलला. चिप आणि ठोकळा यांच्या मध्ये पातळ पेस्ट असते, उष्णता वर पोचवणारी. ती खडूसारखी सुकून भुगा झाली होती. असली पेस्ट आता संगणकवाल्यांकडे मिळत नाही. शर्वरी सोलरचे इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्याकडून एक ट्यूब घेऊन आली. तोवर मी बाकीचं बघत होते, आणि मला खरं कारण दिसलं. ठोकळा चार पायांवर दाबून बसतो. त्यातला एक पाय तुटलेला होता, आणि त्या जागी काळ्या नायलॉनच्या दोऱ्यानं आवळून गाठ मारलेली होती. गाठ बटणाची होती. बटण लावताना दोरा खालून गुंडाळून घेतात, तशी.

"हे कुंदानं बांधलं?" मी विचारलं.

शालिकभाऊंनी मान डोलावली. मी दुकान बंद केलं त्या वर्षीची गोष्ट. तिला दुसरं कोणी मिळालं नसणार. नऊ वर्षं तो दोरा पुरला होता, आणि आता उष्णतेनं सैल होऊन ठोकळा एका बाजूनं केसभर उचलला गेला होता. मी दोरा कापला नाही, गाठ सोडवली. त्या जागी स्प्रिंगचा स्क्रू बसवला, साबुदाण्याएवढी पेस्ट लावली, चारही कोपरे सारखे आवळले. यंत्र अठ्ठावन्न अंशांवर येऊन थांबलं. पंख्याची घरघर गेली आणि ती जुनी गुणगुण दुकानात पसरली. मी उगाचच पाच मिनिटं तिथं बसून राहिले.

दुपारी मात्र दुकानातच त्रेचाळीस अंश झाले आणि चिप पुन्हा वर चढू लागली. कूलर लावला तरी ती पंच्याऐंशीच्या खाली येईना. शिकवणी कोणत्या वेळी चालवायची ते ठरवायला मला कळायला हवं होतं, की कुठल्या अंशाला यंत्र चुकायला लागतं. शर्वरी जेवायला वर गेली होती. मी शालिकभाऊंना म्हटलं, सकाळचंच वाक्य धरा आणि मी सांगेन तेव्हा म्हणा.

सकाळीही मी त्यांना तेच वाक्य म्हणायला लावलं होतं. साठ अंशांवर यंत्र म्हणालं होतं, "ताई, बाही किती लांब ठेवू? तुम्हाला आवडेल तशी करून देतो." आता सत्याऐंशीवर तेच वाक्य ते म्हणाले, तर यंत्र म्हणालं, "बाही किती? सांग लवकर."

मी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा तेच. माझ्या बोटांना सवय आहे, काही मोजायचं असलं की ती आपोआप टेबलावर पडतात. शालिकभाऊंच्या तोंडून निघालेले हुंकार मी बोटांनी मोजले. आठ-नऊ होते. "बाही किती, सांग लवकर" म्हणायला तेवढेच लागतात. सकाळचं ते अख्खं वाक्य म्हणायला त्यांना जवळजवळ तिप्पट वेळ लागला असता.

म्हणजे तापल्यावर यंत्र चुकत नव्हतं. चारशे शब्दांच्या त्या पहिल्या, रुंद वाटा होत्या. उष्णतेत त्याच तेवढ्या शिल्लक राहत होत्या. त्यांच्यावरून वर्षभर रोज चालून पाडलेल्या बारीक वाटा कुंदाच्या होत्या.

मी शालिकभाऊंकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी कॉलरचा माईक काढून ठेवला, खडू घेतला आणि कापायच्या टेबलावरच्या काळ्या कापडावर लिहिलं, "मले माहीत हाये."

"कधीपासून?"

"पयल्या दिवसापासून."

मग ते लिहीत गेले, पुसत गेले. शिंप्याचा खडू, अक्षर मोठं, एका वेळी चार-पाच शब्द. सुरुवातीला मला राग आला, त्यांनी लिहिलं. मी शिवी देतो आणि यंत्र नमस्कार म्हणते. पण भांडायला आलेला माणूस थँक्यू म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. कुंदाला विचारलं, तर ती म्हणाली, तुमचं बोलणं मी फक्त इस्त्री करून देते, कापड तुमचंच आहे. मग हळूहळू मीच तसं बोलायला लागलो. आता कोणतं तिचं आणि कोणतं माझं, ते मलाच सांगता येत नाही.

शेवटी त्यांनी लिहिलं, "पोरीले सांगू नका."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला कुंदाचा थोडा रागही आला. इतकी वर्षं मी त्या दुकानात बसून ज्या माणसाशी गप्पा मारल्या, तो होता कोण? पण तिचा तो क्षणभराचा थांबा आठवला. तेवढ्या वेळात ती हातातलं काज विसरून नवऱ्यासाठी एक बरं वाक्य शोधायची. मी माझ्या यजमानांसाठी इतक्या वर्षांत एकदाही तसं थांबले नव्हते.

आम्ही शिकवणी पहाटे साडेपाच ते सकाळी दहा अशी ठेवली. मी रोज जायचे. टेबलावर दोन यंत्रं, मध्ये तापमान दाखवणारा मीटर, समोर शालिकभाऊ. शर्वरी त्यांना जुन्या गिऱ्हाइकांबद्दल विचारायची आणि ते बोलत राहायचे. जुन्या यंत्रातून कुंदाची वाक्यं निघायची आणि नवं ती ऐकून शिकायचं. काम छान चाललं होतं. पहाटेच्या त्या गारव्यात पंख्याच्या गुणगुणीबरोबर शालिकभाऊंचा सदतिसाव्या वर्षीचा आवाज ऐकताना मला वाटायचं, कुंदा आतल्या खोलीत चहा टाकायला गेली आहे.

बाराव्या दिवशी थोडेच तास उरले होते, म्हणून आम्ही दहानंतरही चालू ठेवलं. अकराच्या सुमारास गल्लीतली वीज गेली. यंत्राला बॅटरी होती, कूलरला नव्हती. मी मीटरकडे बघितलं. अठ्ठ्याहत्तर. दहा मिनिटांत बंद करू, असा विचार केला.

नेमकं तेव्हा शर्वरीनं विषय काढला. तिच्या कंपनीनं तिला फिनलंडला जायला सांगितलं होतं. दोन वर्षांसाठी, कदाचित तीन. जूनच्या शेवटी निघायचं. तिनं इतके दिवस बोलायचं टाळलं होतं, हे तिच्या घाईघाईच्या बोलण्यावरून कळत होतं. पुण्याला निघाले तेव्हा तुम्ही जसं आनंदानं पाठवलंत तसंच आताही पाठवा, असं ती म्हणाली.

शालिकभाऊंनी कॉलरचा माईक सरळ केला. मग बोलले. यंत्र ब्याऐंशी अंशांवर होतं.

"नको जाऊ," यंत्र म्हणालं. "तवाबी नको म्हटलं होतं."

शर्वरीचा चेहरा आधी पडला, मग ती माझ्याकडे वळली. "बघा ना मावशी, पुन्हा तापलं. काहीही बोलतंय."

शालिकभाऊंनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको. मला ती हलती मान दिसत होती आणि मीटरही दिसत होता. हो गं, तापलंय, एवढं म्हणायचं होतं मला. त्यात खोटंही काही नव्हतं. मी बंद करायला हात पुढं केला आणि तो हात तिथंच थांबला. माणूस आपलं आयुष्यभराचं काम विसरत नाही. दोष नसलेल्या ठिकाणी दोष आहे असं मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"यंत्र तापलंय हे खरं," मी म्हटलं. "पण ते चुकत नाहीये, शर्वरी."

मग मी तिला सगळं सांगितलं. बाहीचं वाक्य, बोटांनी मोजलेले हुंकार, चारशे शब्द, आणि तिच्या आईच्या बारीक वाटा. ती ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, की ती पुण्याला निघाली त्या दिवशी बसपाशी बाबा काय म्हणाले होते. यंत्रातून ऐकलेलं तिला आठवत होतं ते असं, "सुखानं जा बेटा, आमची काळजी नको करू." सहा वर्षं तिनं ते वाक्य जपलं होतं. परीक्षेत नापास झाली तेव्हा, आई गेली तेव्हा, ते आठवून उभी राहिली होती.

"ते बाबा म्हणालेच नव्हते?" तिनं विचारलं. "मग आईनं मला फसवलं?"

शालिकभाऊ उठले. त्यांनी खडू घेतला, पण लिहिलं नाही. खडू खाली ठेवला. शर्वरीनं यंत्राची कळ दाबली. पंखा थांबला आणि दुकानात एकदम शांतता झाली.

"बाबा, आता म्हणा," ती म्हणाली. "मी ऐकते."

त्यांनी मान खाली घातली. तिनं त्यांच्यासमोर स्टूल ओढलं आणि बसली. ती पुन्हा म्हणाली, म्हणा ना. शेवटी ते बोलले. मला तर तो एकच लांब आवाज वाटला. तिला काही कळलं नाही. तिनं पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा तिनं त्यांच्या ओठांकडे बघितलं. तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकलं. चौथ्यांदा ती हळूच म्हणाली, "करमत नाही?"

त्यांनी मान डोलावली. मग आणखी काही बोलले.

"तुझ्या आईनं," ती अडखळत लावत गेली, "बरं... बरं केलं?"

ते पुन्हा बोलले. या वेळी जास्त वेळ लागला. मी उठून दाराशी जाऊन उभी राहिले, कारण ते माझ्या ऐकण्यासाठी नव्हतं. मागून शर्वरीचा आवाज येत होता, एकेक शब्द चाचपत, चुकत, पुन्हा विचारत. शेवटी जे तिच्या हाती लागलं ते तिनं मला नंतर सांगितलं. तू माझं ऐकलं असतंस तर गेली नसतीस. म्हणून यंत्र सुखानं जा म्हणालं तेव्हा तुझ्या आईनं ते दुरुस्त केलं नाही. तिच्याशी मी आठ दिवस बोललो नव्हतो. नंतर तुझा पहिला फोन आला, तू हसत होतीस, तेव्हा बोललो.

वीज आली तेव्हा दीड वाजला होता. कूलर सुरू झाला, पण यंत्र कोणी सुरू केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी गेले तेव्हा प्रश्न उरला होता तो एकच. नव्या यंत्राला कोणतं बोलणं शिकवायचं? शर्वरीचं म्हणणं होतं, बाबांचं खरं बोलणं. दुपारी तापलेल्या यंत्राकडून शिकवता आलं असतं, चिपेचं नुकसान झालं असतं तरी चाललं असतं, काम तर संपतच आलं होतं. शालिकभाऊंनी ऐकून घेतलं आणि मग कापडावर लिहिलं, "दुकानाले कुंदाचंच पायजे." खाली आणखी एक ओळ लिहिली, "तुले माझं."

राहिलेले तास आम्ही पहाटेच पूर्ण केले, साठ अंशांवर. शेवटच्या दिवशी नवं यंत्र गल्ल्यावर बसलं. आवाज तोच, पण पंखा नाही, गुणगुण नाही. शालिकभाऊ मशीन चालवताना सारखे थबकत होते, काही विसरल्यासारखे.

दहाच्या सुमारास एक गृहस्थ आले. शर्टाचा खांदा उतरतो म्हणून कुरकुर करू लागले. शालिकभाऊंनी शर्ट हातात घेतला, उलटा केला आणि तोंडातल्या तोंडात काही बोलले. नवं यंत्र म्हणालं, "दादा, आपल्या खांद्याला शोभेल असा करून देतो, परवा या."

बाकावर बसलेली शर्वरी एकदम फिस्सकन हसली. तोंडावर हात दाबून बसली, पण हसू थांबेना. शालिकभाऊंनी तिच्याकडे बघितलं, आणि मग त्यांचेही खांदे हलायला लागले. गृहस्थ आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिले. यंत्र गप्प होतं.

जूनच्या शेवटी ती निरोप घ्यायला पुन्हा आली, तेव्हा बल्लारशाहच्या स्टेशनावर तिला सोडायला मीही गेले होते. शालिकभाऊंनी माईक घरीच ठेवला होता. गाडी दहा मिनिटं उशिरा होती. तेवढ्या वेळात ते तिच्याशी बोलत राहिले, ती उत्तरं देत राहिली. काही ठिकाणी ती अडायची, मग ते तेच पुन्हा म्हणायचे. लोक वळून बघत होते, त्याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. गाडी आली. ती चढली आणि दारात उभी राहिली. गाडी हलता हलता शालिकभाऊ चार पावलं तिच्याबरोबर चालले आणि काहीतरी बोलले. लहानसं वाक्य होतं.

शर्वरी म्हणाली, "हो बाबा."

ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. विचारावंसं फार वाटलं. पण परतीच्या रिक्षात ते खिडकीबाहेर बघत शांत बसले होते, आणि मी विचारलं नाही.